वडिलांना चाकू दाखवून लुटणाऱ्याला फक्त तीन वर्षं झाली. शिक्षा वाढवायला आम्ही अपील करू शकतो का?

शिक्षा कमी वाटते एवढ्यावर तुम्हाला स्वतः अपील करता येत नाही. तो हक्क सरकारचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 377, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 418. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात हे स्पष्टच केलंय. पण जजला शिव्या घालण्याआधी निकालात कलम कुठलं लागलं ते बघा. चाकू होता म्हणता, मग हत्यार वापरून लुटल्याचं कलम, जुन्या दंड संहितेचं 397 (आता न्याय संहितेचं 311), गेलं कुठं?

आमच्याकडे हेच झालं. मामांचं नागपूरला इतवारीत किराण्याचं ठोक दुकान. रात्री गल्ल्याची पिशवी घेऊन स्कूटरवर निघाले, दोघांनी अडवलं, एकानं पोटाला चाकू लावला. पोरं सापडली, ओळखपरेड झाली, 397 चा आरोपही ठेवला गेला. त्यात कमीत कमी सात वर्षं, कोर्टाला खाली येताच येत नाही. चाकू खुपसायलाच हवा असंही नाही. समोरच्याला दिसेल असा हातात धरला तरी तो वापरलाच, हे सुप्रीम कोर्टानं 1975 मध्येच सांगून ठेवलंय.

पण मामांना जावई आहेत. साक्षीच्या आदल्या रात्री येऊन बसले. “मामाजी, काहून वाढवून राहिले? उद्या पोट्टे सुटून आले म्हंजे?” झालं. दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत मामा म्हणाले, “अंधार होता, काहीतरी चमकलं.” हे कलम ज्याच्या हातात हत्यार होतं त्यालाच लागतं, आणि हात कुणाचा ते सांगणारा माणूसच गुळमुळीत बोलला. शेवटी 392 खाली, म्हणजे साध्या जबरी चोरीच्या कलमात (आता न्याय संहितेचं 309), तीन वर्षं.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? जावईच. “जज विकला गेला!” अजूनही कुठल्याही लग्नात पंगतीला बसले की हेच सुरू. अहो भाऊजी, वरची चार वर्षं जजनं नाही, तुम्ही सोडली.

तुमच्या केसमध्ये आरोप 397 चा असेल, वडिलांनी चाकू स्वच्छ सांगितला असेल आणि तरी शिक्षा 392 वरच झाली असेल, तर गोष्ट वेगळी. कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरलं म्हणून पीडिताला स्वतः अपील करता येतं (जुनं 372, आता 413). सेशन्सचा निकाल असेल तर सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात. नाहीतर सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, पुढं विधी व न्याय विभाग ठरवणार. आमच्या सरकारी वकिलांनी मामांची साक्ष वाचून कागद परत केले, आणि बरोबरच केलं.

मी वकील नाही, तेव्हा निकालाची आणि साक्षीची नक्कल काढून एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवाच. आणखी एक राहिलं. सरकार शिक्षा वाढवून मागायला गेलं की आरोपीलाही ‘मला निर्दोष सोडा’ म्हणता येतं. साक्ष कच्ची असेल तर आहेत ती तीन वर्षंही जायची. भाऊजींना हे एका लग्नात सांगितलं, तर म्हणाले, “तू मले कायदा नको शिकवू.”