सुटे भाग जोडून बनवलेला नवा डेस्कटॉप कुरिअरने येणार आहे. आल्याबरोबर सुरू करावा का?

नाही, आधी कॅबिनेटची बाजूची काच काढून आत भरलेला फोम बाहेर घ्यावा आणि मगच वीज जोडावी, कारण तो आत राहिल्यास पंखे अडकून उष्णता कोंडते. मी असे संगणक जोडून परगावी पाठवतो. सर्वाधिक तक्रार ‘स्क्रीन काळी’ हीच येते, आणि बहुतेक वेळा जड असलेले ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा भाग) प्रवासातील धक्क्यांनी स्लॉटमधून, म्हणजे ते बसवायच्या खाचेतून, किंचित वर आलेले असते किंवा मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला) लावलेली असते. वीज जोडण्यापूर्वीच कार्ड हलके दाबून स्लॉटचा खटका बसल्याची खात्री करावी. मात्र कॅबिनेटवर वॉरंटीचे सील असल्यास, ते तोडण्याआधी विक्रेत्याची लेखी परवानगी घ्यावी. खोका उघडतानाचे सलग चित्रीकरणही जरूर ठेवावे.