वाचक विचारतात : पावसाळ्यातील घराची ओल

प्रश्न : आमचे घर काळ्या जमिनीवर आहे. जुन्या मातीच्या भिंतींना काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. झड लागली की भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो आणि आईचा दमा बळावतो. ओल रोखणारा रंग दोन वेळा देऊन झाला. आता हवेतील ओलावा शोषणारे यंत्र घ्यावे का?
— एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : यंत्र तूर्त घेऊ नये. घरात पाणी कोठून येते हे ठरल्याशिवाय केलेला खर्च बहुधा वायाच जातो, आणि आपल्या वर्णनावरून हे पाणी मुख्यतः जमिनीतून येत असावे. खात्री घरीच करता येईल. उघडीप मिळताच भिंतीवरील सुटलेला रंग खरवडून तेथे हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले असतील तर ओल भिंतीतून बाहेर पडत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेतील वाफ आहे.

काळी माती पाणी धरून ठेवते. पाया आणि भिंत यांच्यामध्ये ओल अडवणारा थर नसेल, आणि जुन्या घरांत तो सहसा नसतोच, तर ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि येताना जमिनीतील क्षारही घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि हवेतील ओलावा ओढत राहतात. भिंतीला लोणा लागतो तो यामुळेच. पूर्वीच्या माती-चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर निघून जात असे. सिमेंटने आणि नंतरच्या रंगाने ती वाट बंद केली, म्हणून ओल आणखी वर सरकली. मातीची भिंत बुडाशी सतत भिजत राहिली तर तिची ताकदही जाते. भिंतीला पोट आले आहे का, नवे तडे दिसतात का, हे जाणत्या गवंड्याकडून या आठवड्यातच पाहून घ्यावे.

दुरुस्ती बाहेरून सुरू करावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर टिनाला पन्हाळ लावून ते दूर काढावे, न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरू देऊ नये, भिंतीला लागून रचलेल्या पऱ्हाट्या आणि मातीचा ढीग हलवावा आणि घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या अंगाला उतार असलेला पट्टा बांधून घ्यावा. गिलाव्याचे काम मात्र उन्हाळ्यातच करावे. ओलीच्या खुणेच्या हातभर वरपर्यंतचे सिमेंट काढून, भिंत उघडी ठेवून चांगली सुकू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा व चुन्याचीच सफेदी द्यावी.

आपल्या आईंचा दमा उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही. हवेतील आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, गाद्या-उशांतील धुळीचे सूक्ष्म किडेही वाढतात आणि या दोहोंमुळे दम्याचा त्रास होतो. त्यांची खाट आजच भिंतीपासून दूर घ्यावी आणि कपाटही वीतभर पुढे ओढावे. बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, तिचे कण हवेत पसरतात. नाका-तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ती पुसून काढावी, आणि त्या वेळी रुग्णाने खोलीत थांबू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध अर्थातच चालू ठेवावे.

घरातले पाणी आपण स्वतःही हवेत सोडत असतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते; म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळलेले असते, आणि भात-वरणाची वाफ त्यात धरलेली नाही. म्हणून चुलीजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान उंचावर झरोका तरी हवाच. झडीत दोरीवरचे कपडे निजायच्या खोलीत वाळत घालण्यापेक्षा छपरीत घालावेत. शेणाचे सारवणही उघडीप मिळेपर्यंत टाळावे, ते सुकतच नाही.

खिडक्या सदैव उघड्या ठेवल्याने घर कोरडे होते, हा समज अर्धाच खरा आहे. पाऊस कोसळत असताना बाहेरची हवाच भिजलेली असते. हवा २५ अंशांना असताना एका घनमीटरात जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडले की तेवढीच वाफ असलेली हवा ९० टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या खाली येते. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून पंखा लावण्याची वेळ तीच. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घरात असावा, म्हणजे हा अंदाज बांधावा लागत नाही. इतके केल्यावरही एखाद्या बंद खोलीत आकडा ७० च्या वर राहत असेल, तर त्या एका खोलीपुरते यंत्र घेण्याचा विचार जरूर करावा.

प्रश्न : श्रावणात पाऊस उघडला की फार उकडते. कूलर लावला तर अंग चिकट होते. असे का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करूनच. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ती हे पाणी सहज घेते. श्रावणात तिला पाणी घेण्यास जागाच उरत नाही, गारवा मिळत नाही आणि दमटपणा तेवढा वाढतो. कूलर पाण्याविना, नुसत्या पंख्यासारखा वापरावा. टाकी रिकामी करून पुसून ठेवावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

प्रश्न : भिंतीलगत ठेवलेल्या शेंगदाण्यांच्या पोत्याला बुरशी आली. वरचे दाणे धुऊन, उन्हात वाळवून खावेत का?
— एक वाचक, मूल, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : खाऊ नयेत. शेंगदाण्यावरील काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असे विष तयार करतात. ते धुतल्याने किंवा नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने नाहीसे होत नाही. असे दाणे जनावरांनाही घालू नयेत. गाय-म्हशीच्या दुधातून हे विष घरातल्यांच्या पोटात जाते. पुढील खेपेस पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवावीत.