टर्बो गाडीला इथेनॉल पाजावं की मिथेनॉल फवारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत राहता, १.२ लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, रिमॅप करून (इंजिनच्या संगणकातला इंधन-स्पार्कचा हिशेब, म्हणजे मॅप, बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवायचाय, आणि ई८५ वर (८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर) जावं की मिथेनॉल इंजेक्शनचं किट बसवावं हे ठरत नाहीये. मी वेंगुर्ल्याचा. बर्फाच्या कारखान्यातले कॉम्प्रेसर सांभाळतो. म्हणजे वायू दाबला की तापतो आणि द्रव उडताना थंडावा देतो, यावरच माझी चूल पेटते. शिवाय तुमच्यासारखीच गाडी सहा वर्षं छळली आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो. इंधन म्हणून इथेनॉल सरस, पण आपल्या किनाऱ्यावर ते निभणार नाही. मिथेनॉलचा फवारा निभेल, पण त्याच्या भरवशावर मॅप करू नका. आणि दोन्हींच्या आधी चांगला इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर, बसवा.

टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते. अशी तापलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरमध्ये ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून पेटलं की इंजिन नॉक करतं. बूस्ट वाढवायचा तर ही उष्णता कुठेतरी काढावी लागते. एक किलो पेट्रोल वाफ होताना साधारण ३५० किलोज्यूल उष्णता खेचतं, इथेनॉल ९०० च्या आसपास, मिथेनॉल ११००, आणि साधं पाणी तब्बल २२६०. त्यात एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त ओतावं लागतं. दोन्हींचा गुणाकार केला तर त्याच हवेला इथेनॉल पेट्रोलच्या चौपट थंडावा देतं. वर ऑक्टेन, म्हणजे नॉक न होता दाब सोसायची ताकद, १०८ च्या घरात. उगाच नाही ट्यूनिंगवाले त्याच्यामागे वेडे झालेत.

पण मिळणार कुठे? ई२० सगळीकडे आहे, ई८५ तुम्हाला आपल्याकडे पंपावर दिसणार नाही. मार्च २०२४ मध्ये ई१०० देशातल्या निवडक पंपांवर आलं, महाराष्ट्रातही आलं. त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल असतं. समजा कुठून तरी दहा लिटर मिळवलं आणि तीस लिटर ई२० मध्ये ओतलं, तर टाकीत ई३८ तयार होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) इंजिनाच्या मूळ हाय-प्रेशर पंपाची तिथेच दमछाक होऊ लागते. पूर्ण ई८५ ला तीसेक टक्के जास्त इंधन ढकलावं लागतं. मग पंप, इंजेक्टर, मॅप, सगळंच बदला.

आणि ते दहा लिटर घाटावरून कॅनमध्ये भरून आणणार? इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे जुलैत मीठ बरणीत पाझरतं, तिथे अर्धवट बंद कॅनचं काय होणार! असं ओलावलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की पाणी आणि इथेनॉल तळाला, पेट्रोल वर, आणि इंधन पंप तळाचंच ओढतो. शिवाय वाटेतल्या नाक्यावर गोव्याची बाटली शोधणाऱ्यांना गाडीतला दारूच्या वासाचा कॅन काय म्हणून समजावणार? माझ्या मेस्त्रीने बेत ऐकला तेव्हा म्हणाला, "रे झिला, गाडयेक दारू पाजूक निघालंस काय?"

आता मिथेनॉल. ते पाण्यात मिसळून इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारायचं, उडताना ते हवा थंड करतं. ही युक्ती नवी नाही, दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत पाणी-मिथेनॉल फवारत. गाड्यांत १९६२ ची ओल्डस्मोबिल जेटफायर बघा. टर्बो व्ही८, आणि डिस्टिल्ड वॉटर-मिथेनॉलची वेगळी टाकी. ती रिकामी झाली की गाडी आपणहून बूस्ट कमी करायची. लोक टाकी भरायला विसरत आणि गाडी ओढत नाही म्हणून कुरकुरत. मला ती गाडी शहाणी वाटते. ई८५ संपलं की गाडी थांबते, तुम्ही शिव्या घालता, एवढंच. फवारा संपला की गाडी चालतच राहते, आणि मॅप मात्र फवारा आहे असं धरून स्पार्क लवकर टाकत राहतो. नॉक सेन्सर तो स्पार्क थोडा मागे खेचतो, पण मॅप फारच आक्रमक असेल तर तेवढ्याने भागत नाही.

हे मी आंबोलीच्या घाटात शिकलो. मे महिना, चार माणसं, एसी चालू. दाणोली सोडल्यावर तिसऱ्या गिअरात पाय दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. पंप चालू होता, दिवा हिरवा होता, टाकी अर्धी भरलेली. मी एसीचा आवाज समजून पुढची दोन वळणं तसाच दामटत गेलो. घरी येईपर्यंत निळा धूर. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन निम्मं. पिस्टन बाहेर काढला तर दोन रिंगांच्या मधली कड नखाएवढी तुटलेली. नोझल खोलला तेव्हा जाळीवर गेरूसारखा तांबूस साका. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून मी आमच्या चिऱ्याच्या विहिरीचं पाणी फडक्याने गाळून घातलं होतं. त्यातलं लोह जाळीवर बसलं. दोष किटचा नव्हता, माझाच.

तेव्हा बसवायचंच असेल तर टाकीत पातळीचा सेन्सर नुसता पुरत नाही. नोझलकडे जाणाऱ्या पाइपवर फ्लो सेन्सर हवा, आणि प्रवाह तुटला की बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोकडे जाणारा जादा धूर वळवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे कमीत कमी पातळीवर, उतरला पाहिजे. फिटरकडून गाडी घेताना फवाऱ्याचा पाइप काढून चालवून दाखवायला सांगा. का-कू करत असेल तर किल्ली परत घ्या. मिश्रण निम्मं-निम्मं ठेवा. मी आता पाणी सत्तर टक्के ठेवतो. ताकद थोडी कमी मिळते, थंडावा भरपूर मिळतो.

काचेच्या वॉशरची टाकी मिथेनॉलसाठी अजिबात वापरू नका, वायपर मारला की वाफ केबिनमध्ये येते. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जातं आणि भर दुपारी त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. २०१५ मध्ये मालवणीच्या विषारी दारूत शंभराच्या आसपास माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. आमचं मालवण नव्हे, मुंबईतलं मालवणी. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत एक थेंबही ओतू नका. घरात पोरं असतील तर किटचा नादच सोडा.

माझ्या गाडीत सध्या मोठा इंटरकूलर, ऑक्टेन जास्त असलेलं पंपावरचं पेट्रोल आणि त्याच पेट्रोलसाठी केलेला मॅप आहे. फवारा फक्त एप्रिल-मेमध्ये, घाटासाठी. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) घातलेत आणि गॅप किंचित कमी केलाय, तुम्हीही रिमॅपच्या आधी ते करून घ्या.