गणपती, पाळी आणि त्या गोळ्या

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. गणपतीत पाळी येईल म्हणून आई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणार आहे, घेऊ का, असं विचारलंस. बरं केलंस. मी नर्स होते तेव्हाही भाद्रपद जवळ आला की बायका या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणायच्या, आजही आणतात.

बीजकोशातून बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ते उतरतं, अस्तर सुटतं, पाळी येते. गोळीत, म्हणजे नॉरएथिस्टेरॉनमध्ये, त्याच जातीचं कृत्रिम संप्रेरक असतं. गोळ्या चालू तोवर अस्तर थांबतं. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

पण ही गोळी पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. तुला पहिली पाळी येऊन अजून वर्ष झालं नाही, तारीख कुठली धरणार? सुरुवातीची एक-दोन वर्षं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ बसलेला नसतो, कित्येक महिने बीज सुटतच नाही. म्हणून कधी २१ दिवसांनी, कधी ४५ दिवसांनी येते. त्यात आजार काही नाही. शिवाय स्वतःला किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचं दुखणं असेल, तर ही गोळी महागात पडू शकते. ते डॉक्टर विचारतील, मेडिकलवाला नाही.

सोवळं पाळणाऱ्या आजीशी भांडू नकोस, पण आईला हिशोब दाखव. पाळी पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत राहणार. इतकी वर्षं दर चतुर्थीला गोळ्या खाणार का? आमच्या घरच्या मुली पाळीतही मोदकांना कळ्या पाडतात, आरतीला उभ्या राहतात. गणपतीने आजवर तक्रार केलेली नाही. तुमच्याकडे चालत नसेल तर खळ्यात बसून झांज वाजव, ती तरी कुणी हिसकावणार नाही.

तू कालनिर्णयवर तारखा लिहायला लाग. दोन तासांच्या आत पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जात असेल, तीन महिने पाळी आलीच नाही, तर आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वयाच्या १५ पर्यंत पहिली पाळीच आली नाही तरी दाखवायचं असतं. मैत्रिणींनाही हे सांग. कापड वापरत असशील तर ते इतर कपड्यांखाली लपवून वाळत घालू नकोस, या पावसात आत ओलंच राहतं आणि खाज सुटते.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मात्र चुकवू नकोस, ती लोहाची आहे. जेवल्यावर घे, लगेच वर चहा नको. विसर्जन झालं की तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, ताव मार, त्यातही लोह भरपूर असतं.

तुझी
नर्सबाई