दोन बोटांनी टाइप करतो, टायपिंग टेस्टची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या नोकऱ्यांना अर्ज टाकताय, दोन बोटांनी टाइप करता आणि हाताशी दोन महिने आहेत. दोन महिने पुरतात, पण दोन बोटांची सवय आजच सोडा. पहिला आठवडा स्पीड इतका पडेल की रडू येईल. पडू द्या. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथेच ठेवायच्या. मी तर हातांवर ओढणी टाकून बसायचे, म्हणजे खाली बघताच येत नसे.

स्पीडच्या मागे मात्र लागू नका. माझी पहिली टेस्ट मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात होती. घरी मिनिटाला ४५ शब्दांचा स्पीड यायचा, म्हणून निर्धास्त होते. तिथे बॅकस्पेसच बंद! घरी मी दर ओळीला चार-पाचदा मागे जाऊन दुरुस्त करत होते, हे तेव्हा कळलं. चुका वजा झाल्यावर हाती काहीच उरलं नाही. परत येताना लोकलमध्ये डोळे भरून आले होते. त्यानंतर महिनाभर बॅकस्पेसला हात लावला नाही. चूक झाली की पुढे जायचं, आणि उतारा संपला की चुकलेले शब्द वीस-वीस वेळा टाइप करायचे.

जाहिरातीत ताशी १०,५०० ‘की डिप्रेशन’ (म्हणजे तासात किती वेळा कळ दाबली) दिसलं तर दचकू नका. पाच कळांचा एक शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला ३५ शब्दच.

सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठीला बसणार असाल तर कीबोर्डचा लेआउट, म्हणजे कळांवरच्या अक्षरांची मांडणी, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन ते आधी विचारा. ‘कि’ टाइप करताना इनस्क्रिप्टमध्ये आधी क आणि मग वेलांटी, रेमिंग्टनमध्ये वेलांटी आधी. एकावर बसलेला हात दुसऱ्यावर पार गोंधळतो.

आणि लॅपटॉपवरच सराव करत असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून साधा यूएसबी कीबोर्ड आणा. टेस्टला बहुतेक डेस्कटॉपच असतो, त्याच्या कळा खोल दाबाव्या लागतात. शेवटचे पंधरा दिवस त्याच्यावरच बसा, रोज तासभर, सकाळी अर्धा आणि रात्री अर्धा.