डायगोनल लेसर पहिल्यांदा लावताय? मग हे वाचाच

भावा, डायगोनल लेसर म्हणजे मशीनच्या कर्णावर, कोपऱ्यातून कोपऱ्यात, लेसरनं अंतर मोजून मशीनची अचूकता तपासणं. आधी एक्स, वाय, झेड अक्षांची सरळ रीडिंग घे मगच डायगोनलला हात घाल, नाहीतर चूक स्केलची (अक्षावरच्या अंतराची) का स्क्वेअरनेसची (अक्ष काटकोनात असण्याची) कळणारच नाही. सांगलीजवळच्या कुपवाडच्या पत्र्याच्या शेडमधे दुपारी रीडिंग नकोच, सकाळी लवकर लाव, मशीन थोडं पळवून घे, मटेरियल सेन्सर (मशीनचं तापमान मोजणारा) टेबलला चिकटव, कारण स्टील एका डिग्रीला मीटरमागं ११-१२ मायक्रॉन वाढतं.

आणि लेसरच्या सॉफ्टवेअरमधे हवेचा दाब (दाबानं लेसरची तरंगलांबी बदलते) मोबाईलवरून बघून टाकू नको रे, तो समुद्रसपाटीचा असतो! सांगली साधारण ५५० मीटरवर, इथला खरा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, १०१३ टाकलास तर मीटरला १७ मायक्रॉनचा घोळ ठरलेला.

अलाइनमेंट, म्हणजे बीम मोजायच्या रेषेत आणणं, सगळ्यात चिवट काम. रिफ्लेक्टर (लेसर परत पाठवणारा भाग) जवळ असताना बीम सरकवायचा, लांब गेला की बीम वळवणारा आरसा फिरवायचा, हेच परत परत, पार टोकापर्यंत सिग्नल पडेपर्यंत, घाई केलीस तर मीटरमागं १ एमएम तिरकं राहिलं तरी अर्धा मायक्रॉन जातो.

५०० बाय ५०० एमएम चौकोनात दोन डायगोनलमधे १४ मायक्रॉनचा फरक आला तर स्क्वेअरनेस मीटरला साधारण २० मायक्रॉन आउट समज.