बेसबॉलमध्ये फक्त शेवटचा डाव टाकणाऱ्या मारियानो रिव्हेराला एवढं महान का मानतात?

काम छोटं, पण चुकीला माफी नाही. आपल्याकडच्या डेथ ओव्हर्सच्या बोलरसारखंच समजा. आघाडी जेमतेम एक-दोन धावांची, तीन गडी बाद करायचे, आणि गडबड झाली तर खापर एकट्यावर.

रिव्हेरा पनामातल्या पुएर्तो काइमितो या मासेमारीच्या गावात वाढला. १९९५ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या संघाकडून सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून आला, पण तिथे फारसं जमलं नाही. १९९७ पासून तो क्लोजर, म्हणजे शेवटचा डाव टाकणारा पिचर झाला आणि त्याच वर्षी त्याला ‘कटर’ गवसला. हा चेंडू अगदी शेवटच्या क्षणी डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो, मुठीजवळ लागतो आणि बॅटचे चक्क तुकडे होतात. पुढचा चेंडू कटरच येणार हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी खेळता यायचा नाही!

६५२ सेव्ह्जचा, म्हणजे जेमतेम आघाडी शेवटपर्यंत राखून सामना जिंकून देण्याचा विक्रम त्याचाच. अपयशही आलं: २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना त्याच्याच हातून निसटला. २०१२ मध्ये सरावात गुडघा गेला. दुसरा कोणी निवृत्तच झाला असता. हा परतला आणि २०१३ मध्ये ४४ सेव्ह्ज करूनच थांबला. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी त्याला ४२५ पैकी ४२५ मतं पडली. एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच, बेसबॉलचा दंतकथा बनलेला खेळाडू बेब रूथ, त्यालाही हे जमलं नव्हतं.